रोजच्या प्रवासासाठी सेडान घेताना टेस्ट ड्राइव्हमध्ये आराम कसा तपासावा

सोलापुरात टेस्ट ड्राइव्ह बहुधा रविवारी संध्याकाळी घेतली जाते. ऊन उतरलेले असते, गाडीतला एसी आधीच लावून ठेवलेला असतो, आणि शोरूमच्या दारातून निघालेली गाडी थेट हायवेला लागते. दहा-बारा मिनिटांत पिकअप, मोठा स्क्रीन आणि गाण्यांचा आवाज पाहून होतो, आणि ‘गाडी आरामदायी आहे’ असा निर्वाळा देऊन मंडळी परततात. पुढे तीच गाडी जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीला किंवा शहरातून तुळजापूर, मोहोळ, अक्कलकोटला रोज न्यावी लागते, तेव्हा चाळिसाव्या मिनिटाला कंबर जे सांगते ते त्या बारा मिनिटांत कुणी विचारलेलेच नसते.

माझी याआधीची सेडान मी अशीच पसंत केली होती. मोहोळला रोजचे जाणे-येणे होते. तिसऱ्या आठवड्यापासून सावळेश्वरचा टोलनाका जवळ आला की उजव्या मांडीला मुंग्या येऊ लागल्या. सीटचा तळ माझ्या मांडीच्या मानाने चांगला चार बोटे आखूड होता, आणि हे गाडी जागची न हलवताही समजले असते. पुढे दिलेला क्रम त्या चुकीनंतर बसवलेला आहे. एका गाडीला साधारण दीड तास लागतो. टप्पे पुढे-मागे करू नयेत, कारण प्रत्येक टप्प्यावर मिळालेले उत्तर आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

टप्पा १ : घरची तयारी

शोरूमला जाण्याच्या आदल्या आठवड्यात एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : रोजचा रस्ता कोणता आणि एका फेरीला किती मिनिटे लागतात, गाडीत नेहमी कोण कुठे बसते, शरीराची जुनी तक्रार कोणती आहे (कंबर, गुडघा, मान, गाडी लागणे), आणि सध्याच्या वाहनात काय चांगले आहे. शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून राहतो. जुन्या गाडीचा क्लच हलका असेल तर तो आपल्याला गुण म्हणून जाणवतच नाही. नव्या गाडीत तो जड निघाल्यावर मात्र महिनाभर पोटरी दुखते.

रस्ता लिहिताना उन्हाची दिशाही लिहावी. ही बाब मी कुणाच्याच यादीत पाहिलेली नाही, परंतु सोलापुरात तिचे महत्त्व मोठे आहे. अक्कलकोट रस्ता शहराच्या आग्नेयेला जातो, त्यामुळे सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना दोन्ही वेळा सूर्य समोरून डोळ्यांवर येतो. पुणे रस्त्याने मोहोळकडे जाणाऱ्यांच्या तो दोन्ही वेळा पाठीशी असतो आणि आरशातून तिरीप मारतो. तुळजापूरला जाणाऱ्याच्या सकाळी उजव्या हाताला पूर्व असते, तर परतताना उजव्या हाताला पश्चिम, म्हणजे चालवणाऱ्याचाच दंड दोन्ही वेळा भाजतो. विजापूर रस्त्याने मंद्रूपकडे जाणाऱ्याच्या बाबतीत हेच ऊन डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या वाट्याला येते. आपल्या कागदावर यांपैकी काय लागू आहे यावरून सन व्हायजर (डोळ्यांवरचे ऊन अडवायला समोरच्या काचेच्या वर असलेली घडीची पट्टी) तपासायचा, आरसा तपासायचा की खिडकीची काच, हे ठरते.

बरोबर न्यायच्या वस्तू : शिंप्याकडे असते तशी टेप, टायरची हवा मोजण्याचे छोटे मीटर, स्वयंपाकघरातील टोकदार काडीचे डिजिटल थर्मामीटर, रोजची ऑफिसची बॅग, डबा आणि पाण्याची बाटली. पायात रोजचेच बूट किंवा चप्पल असावी. सोबत दोघांना न्यावे, त्यांतील एक आपल्याच उंचीचा असावा आणि दुसरी व्यक्ती घरातील वयस्कर असावी. मुलाबाळांसह सहा जण घेऊन जाऊ नये, कारण मग लक्ष गाडीकडे राहत नाही.

टप्पा २ : कोणती गाडी आणि कोणती वेळ

जो व्हेरिएंट, म्हणजे एकाच गाडीचा कमी-अधिक सोयींचा जो प्रकार, घ्यायचा आहे तोच चालवायला मागावा. टेस्ट ड्राइव्हसाठी ठेवलेली गाडी बहुधा सर्वांत महागडी असते, आणि आरामाच्या दृष्टीने तिच्यात व खालच्या व्हेरिएंटमध्ये तीन ठिकाणी फरक पडतो : टायर, सीट आणि गिअरबॉक्स. उदाहरणार्थ, २०२३ पासूनच्या ह्युंदाई व्हर्नाच्या खालच्या व्हेरिएंटना १८५/६५ आर १५ मापाचे टायर येतात, तर वरच्यांना २०५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची बाजूची भिंत आहे ते सांगतो; ‘आर’पुढचा आकडा चाकाचा व्यास इंचांत सांगतो. हिशेब केला तर पहिल्याची भिंत सुमारे १२० मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची सुमारे ११३. रबराची उंची जितकी कमी, तितका बारीक खड्ड्याचा गचका आत अधिक पोहोचतो. म्हणजे दिसायला रुबाबदार असलेली मोठी चाके खराब रस्त्यावर नेहमी फायद्याची असतात असे नाही, आणि महागडा व्हेरिएंट चालवून स्वस्त घेणाऱ्याची किंवा याच्या उलट करणाऱ्याची फसगत इथेच होते.

सीटबाबतही तेच. चालवणाऱ्याची सीट वर-खाली करण्याची सोय अनेक गाड्यांच्या सुरुवातीच्या व्हेरिएंटमध्ये नसते. कापडी सीट आणि कृत्रिम चामड्याची सीट यांत उन्हाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चामडे तापते आणि पाठीला घाम धरते. हवेशीर सीटची सोय असेल तर गोष्ट निराळी.

वेळ दुपारी बारा ते तीनमधली मागावी. मार्च ते मे या महिन्यांत तर आग्रहच धरावा. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीतील हवा पन्नाशीच्या पुढे सहज जाते, आणि एसीची परीक्षा तिथेच होते. फोनवरच सांगून ठेवावे की गाडी उन्हात उभी करा आणि मी येईपर्यंत एसी लावू नका. ही मागणी ऐकून पलीकडचा माणूस थोडा गप्प होतो, पण ऐकतो.

सावधान : निघण्यापूर्वी गाडीचा विमा व कागदपत्रे सोबत असल्याचे पाहावे आणि आपला परवाना खिशात ठेवावा. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा आहे. तो कायद्याने बंधनकारक आहेच, शिवाय पट्टा मानेला घासतो का, हेही त्यामुळे कळते.

टप्पा ३ : टायरची हवा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण तो वगळला तर पुढचा सगळा निष्कर्ष खोटा ठरू शकतो. चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर हवेचे योग्य प्रमाण लिहिलेली पट्टी असते. सेडानला ते बहुधा ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दरम्यान असते. गाडी धावलेली नसताना चारही चाकांची हवा मोजावी आणि पट्टीवरच्या आकड्याइतकी करून घ्यावी. यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कधी कधी जादा हवा भरलेली असते आणि मग चांगली गाडीही दगडासारखी आदळते. उलट, हवा कमी असली की टणक गाडी मऊ वाटते. दोन गाड्यांची तुलना करताना एकीत ४० आणि दुसरीत २८ हवा असेल, तर आपण गाड्यांची नव्हे, पंक्चरवाल्यांची तुलना करीत असतो.

टप्पा ४ : उभ्या गाडीत बसून पाहणे

या टप्प्याला किमान वीस मिनिटे द्यावीत. इंजिन बंद, दारे उघडी. विक्री प्रतिनिधीला बाहेर थांबण्याची विनंती करावी, कारण तो शेजारी बसला की स्क्रीन दाखवू लागतो.

आधी खिशातील पाकीट काढावे. मागच्या खिशातील जाड पाकिटावर बसून सीटची परीक्षा घेणारे कितीतरी लोक आहेत. एक बाजू वर उचलली गेल्याने मणका तिरपा होतो आणि दोष गाडीला दिला जातो.

सीट लावण्याचा क्रम असा आहे. प्रथम सीटची उंची ठरवावी : डोक्यावर आपली मूठ मावेल इतकी जागा राहिली पाहिजे आणि समोर बॉनेटवरून रस्ता दिसला पाहिजे. मग सीट पुढे-मागे करावी : क्लच, किंवा ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक, पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. त्यानंतर पाठ टेकवण्याचा भाग : तो काटकोनाहून थोडा मागे, साधारण १०० ते ११० अंशांवर असावा. मग स्टीअरिंग : खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पडले पाहिजे, आणि छाती व स्टीअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. शेवटी हेडरेस्ट : त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला येईल इतकी वर घ्यावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्टीअरिंग आणि मग सीट लावली, तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते आणि कंटाळून माणूस अर्ध्यावर ‘चालेल’ म्हणतो.

स्टीअरिंग काही गाड्यांत फक्त वर-खाली होते, जवळ-लांब होत नाही. लांब पायांच्या माणसाला हे फार त्रासाचे जाते. पाय बसवावेत तर हात ताणले जातात, हात बसवावेत तर गुडघे दुमडतात. ही अडचण पुढे कुठल्याच उशीने सुटत नाही, म्हणून इथेच ती गाडी बाद करावी.

आता टेप काढावी. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन ते तीन बोटांचे अंतर असणे चांगले. तळहात आडवा मावेल एवढी फट राहिली तर मांडीला आधार कमी आहे आणि लांबच्या प्रवासात पाय भरून येणार. कड पोटरीला टेकत असेल तर सीट त्या व्यक्तीला मोठी आहे. पाच फूट उंचीच्या बाईंना ही दुसरी तक्रार असते, आणि गाडी दोघे चालवणार असतील तर मोजमाप दोघांचेही घ्यावे. मी सध्याच्या गाडीच्या वेळी टेपने सीटचा तळ मोजला तो ५१ सेंटिमीटर भरला. जुन्या गाडीचा ४६ होता, तो मी आदल्या दिवशी घरी मोजून ठेवला होता.

कंबरेमागे हात घालून पाहावा. सीट आणि कंबर यांच्यामध्ये हात सहज फिरत असेल तर तिथे पोकळी आहे. काही गाड्यांत कंबरेचा आधार पुढे घेता येतो, तो पुढे घेऊन पुन्हा पाहावे. पहिल्या मिनिटाला सोफ्यासारखी मऊ लागणारी सीट संशयाने पाहावी. अशा सीटचा फोम वजनाने लवकर दबतो, कंबर खाली रुतते आणि अर्ध्या तासाने पाठ वाकते. किंचित टणक वाटणारी, पण मांड्यांना व कंबरेला सगळीकडे सारखी टेकणारी सीटच रोजच्या प्रवासाला टिकते.

डावा पाय कुठे ठेवायचा, हेही पाहावे. क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला सपाट जागा नसेल तर हायवेवर तो पाय हवेत लोंबकळत राहतो. उजवा कोपर दारावर आणि डावा मधल्या कप्प्यावर सारख्या उंचीला टेकतो का? बाटली हाताच्या अंतरावर राहते का? डबा असलेली बॅग शेजारच्या सीटखाली मावते का? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण ही उत्तरे वर्षाला पाचशे-सहाशे फेऱ्यांत रोज भोगायची असतात.

चढण्या-उतरण्याची परीक्षा

सेडान बसायला खाली असते, आणि घरातील ज्येष्ठांच्या दृष्टीने सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. त्यांना मागच्या सीटवर सलग पाच वेळा बसायला आणि उतरायला सांगावे. एकदा बसणे कुणालाही जमते. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात दाराच्या चौकटीकडे आधार शोधू लागतो. माझ्या आईने पहिल्या वेळी ‘छान आहे’ म्हटले आणि चौथ्या वेळी उतरताना ‘हात दे रे जरा’ म्हणाली. त्या दिवशी पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचे उत्तर तिथेच मिळाले. नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या असतील तर त्याच वेषात तपासणी करावी, कारण उंच उंबरठ्यावरून पाय आत घेताना साडी अडकते. मागचे दार किती रुंद उघडते आणि बसताना डोके छताच्या उतरत्या कडेला आपटते का, हेही पाहावे. सेडानचे छत मागे उतरते, त्यामुळे हा दोष तिच्यात अधिक आढळतो.

तपासणी : सीटच्या पुढच्या कडेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी आणि घरी ज्या खुर्चीतून ज्येष्ठ सहज उठतात तिच्या उंचीशी ताडून पाहावी. तफावत जितकी मोठी, तितका गुडघ्यावरचा ताण अधिक.

टप्पा ५ : इंजिन सुरू, गाडी उभी

किल्ली फिरवण्यापूर्वी थर्मामीटरची काडी एसीच्या मधल्या झडपेत खोचावी. इंजिन व एसी सुरू करून मिनिटभर काचा खाली ठेवाव्यात, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाते. मग काचा बंद करून बाहेरची हवा आत घेण्याचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. पाहायचे ते एवढेच : ब्लोअर सर्वांत वरच्या वेगावरून निम्म्यावर आणावासा वाटायला किती मिनिटे लागतात. हा क्षण मागच्या सीटवरील माणसालाही स्वतंत्रपणे सांगायला लावावा. पुढे गारवा आणि मागे घाम, ही तक्रार मागे एसीच्या झडपा नसलेल्या गाडीत हमखास येते.

गाडी तशीच उभी ठेवून तीन मिनिटे थांबावे आणि थर्मामीटर पुन्हा पाहावा. साध्या पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे इंजिन हळू फिरत असताना गारवा घटतो. किती घटतो, यावर सात रस्त्याच्या सिग्नलला तुमचे काय होणार ते ठरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा गाडीत असेल तर इंजिनाबरोबर कॉम्प्रेसरही थांबतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. ती यंत्रणा बंद करण्याचे बटण कुठे आहे, ते विचारून घ्यावे.

याच वेळी हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर आणि पाठ सीटवर ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. तीन सिलिंडरच्या इंजिनात उभ्या गाडीत थरथर अधिक जाणवण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या मारुती डिझायरचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, तर होंडा अमेझचे चार. कागदावरून निष्कर्ष काढू नये, पण आपण काय शोधतो आहोत ते माहीत असावे. एसी चालू असताना आणि बंद असताना, असे दोनदा पाहावे.

सावधान : ‘काचांवर फिल्म लावून देतो, गाडी तापणार नाही’ या आश्वासनावर विसंबून एसीच्या कमतरतेकडे काणाडोळा करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली होती, आणि नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

टप्पा ६ : आधी खराब रस्ता, तोही हळू

इथेच सर्वाधिक चूक होते. हायवेवरून आलेल्या माणसाला शहरातला रस्ता संथ आणि मऊ वाटतो. नव्वदच्या वेगाला सरावलेले शरीर आणि कान तीसच्या वेगावरचे बारीक दणके मोजत नाहीत. म्हणून आधी शहर, मग हायवे. गाणी बंद, ब्लोअर सर्वांत कमी, आणि गाडीत चौघे बसलेले.

रस्ता निवडताना आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट तुकडा घ्यावा. तो कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. पेठांतील एखादी गल्ली, ड्रेनेजसाठी खणून अर्धवट बुजवलेली पट्टी, हैदराबाद रस्त्याला मार्केट यार्डाकडे ट्रकांनी दबवलेला भाग यांपैकी काहीही चालेल. त्यावरून तीन वेगांनी जावे : १०, २० आणि ३५.

दहाच्या वेगात बारीक खडबडीकडे लक्ष द्यावे. स्टीअरिंगला टकटक जाणवते की नुसता दुरून आवाज येतो? विसाच्या वेगात एकाच बाजूचे चाक खड्ड्यात जाऊ द्यावे. गाडी डावी-उजवी डुलली की डोके हेलकावते, आणि रोजच्या प्रवासात मान दुखण्याचे हे मोठे कारण आहे. चालवणाऱ्याने हे स्वतः पाहू नये. मागच्या माणसाला पुढच्यांच्या डोक्यांकडे पाहायला सांगावे, त्याला ते स्पष्ट दिसते. पस्तिसाच्या वेगात एका दणक्यानंतर गाडी किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. एकदा होऊन बसली तर उत्तम. दोन-तीनदा झाली तर मागच्यांचे पोट ढवळणार.

मग गतिरोधक. आपल्याकडे ते कोणत्या मापाने घातले जातात हा स्वतंत्र विषय आहे. चौघे बसलेले असताना सर्वांत उंच गतिरोधकावरून अगदी हळू, आधी सरळ आणि मग तिरके जावे. पोटाखाली घासल्याचा आवाज आला तर थांबून खाली वाकून पाहावे. माहितीपत्रकातील जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो, माणसे बसली की स्प्रिंग दबतात आणि तो आकडा घटतो. मागची चाके गतिरोधकावरून उतरतात तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्याला जो धक्का बसतो, त्याला त्याने एक ते पाचमध्ये गुण द्यावेत. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर गाडीगणिक बदलते : डिझायरमध्ये ते २४५० मिलिमीटर आहे आणि व्हर्नात २६७०. अंतर कमी असले की मागची सीट चाकांच्या अधिक जवळ येते आणि गाडी पुढे-मागे अधिक झुलते. म्हणून डिझायरसारखी चार मीटरच्या आतील लांबीची सेडान घेणाऱ्यांनी मागच्या सीटची परीक्षा अधिक कडक घ्यावी.

यानंतर नवी पेठ किंवा तशाच गर्दीत दहा मिनिटे रांगत जावे. मॅन्युअल गाडीत क्लच किती जड आहे आणि तो कुठे ‘धरतो’, हे इथे कळते. अगदी वर येईपर्यंत पाय उचलावा लागत असेल तर टाच जमिनीवर टिकत नाही, आणि पाय त्यानेच थकतो. ऑटोमॅटिकमध्ये प्रकारानुसार वेगळे दोष शोधावेत : एएमटीत (साध्या गिअरबॉक्सचा क्लच व गिअर यंत्रच हलवते तो प्रकार) गिअर बदलताना मान पुढे झुकते का, दुहेरी क्लचच्या गाडीत चालण्याच्या वेगाला गचके बसतात का, आणि सीव्हीटीत (गिअरचे ठरावीक टप्पे नसलेला प्रकार) पेडल दाबल्यावर वेग वाढण्याआधी इंजिनचा आवाजच वाढतो का.

टप्पा ७ : हायवे

पुणे नाक्यावरून बाहेर पडून बाळे, केगाव मागे टाकल्यावर वेग ८० पर्यंत न्यावा आणि जिथे मर्यादा परवानगी देते तिथे थोडा वाढवावा. इथे पिकअप पाहायचा नाही, ते काम फार तर एका ओव्हरटेकपुरते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर असेल तर तो ओलांडताना गिअर किती वेळा बदलावा लागला, एवढे लक्षात ठेवावे.

कान आधी, मग कंबर. एसीचा पंखा एकवर ठेवून शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलावे. आवाज चढवावा लागला तर तो कशामुळे, हे ओळखावे : टायरचा आवाज पायाखालून येतो आणि रस्ता डांबरीचा सिमेंटचा झाला की बदलतो, वाऱ्याचा आवाज आरशाच्या बाजूने येतो आणि वेगाबरोबर वाढतो, इंजिनचा आवाज गिअर बदलला की बदलतो. फोनमधील आवाज मोजणारे ॲप अचूक नसते, पण एकाच फोनने, एकाच तुकड्यावर, एकाच वेगाने दोन गाड्या मोजल्या तर तुलनेपुरते ते कामाला येते.

पुलाच्या सांध्यांवरून आणि रस्त्याच्या लांबट उंच-सखल भागावरून जाताना गाडी तरंगल्यासारखी वाटते का, ते पाहावे. शहरात मऊ वाटलेली गाडी इथे तरंगू शकते, आणि शहरात किंचित कडक वाटलेली इथे घट्ट बसते. दोन्हींपैकी काय सोसायचे, हे आपल्या फेरीतील किती मिनिटे शहरात आणि किती हायवेवर जातात यावरून ठरवावे. जुळे सोलापूर ते चिंचोळी या फेरीत शहराची मिनिटे अधिक जाणवतात, तुळजापूरच्या ४५ किलोमीटरांत हायवेची.

अक्कलकोटकरांनी आता सन व्हायजर खाली करून पाहावा : तो बाजूच्या काचेकडे वळतो का, आणि उंची कमी असलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो का. फिकट रंगाच्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते, तेही याच उन्हात दिसते.

टप्पा ८ : जागा बदलणे

परतीच्या वाटेवर स्टीअरिंग सोबत्याकडे द्यावे आणि स्वतः मागे, आपल्याच मापाने लावलेल्या पुढच्या सीटच्या पाठीमागे बसावे. गुडघा पुढच्या सीटला टेकतो का, पावले तिच्याखाली सरकतात का आणि मांड्या सीटवर टेकतात की गुडघे वर येतात, एवढे पाहावे. मधल्या जागेवरही दोन मिनिटे बसावे. तिथल्या तळाचा उंचवटा पाहिल्यावर ‘पाच जणांची गाडी’ या शब्दांचा खरा अर्थ लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी याच टप्प्यात फोनवर काही वाचून पाहावे.

टप्पा ९ : उतरल्यानंतर

शोरूमच्या आवारात गाडी थांबली की लगेच उतरू नये. इंजिन बंद करून पाच मिनिटे तसेच बसावे, आणि मान, खांदे, कंबर, मांडी, टाच या क्रमाने कुठे अवघडले आहे ते कागदावर लिहावे. हे लिहून होईपर्यंत किमतीचा, सवलतीचा किंवा रंगाचा विषय काढू देऊ नये. माझ्या अनुभवात सवलतीचा आकडा कानावर पडला की दुखरी कंबर बरी होते.

दुसरी गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच माणसांसह चालवावी. दोन गाड्यांपेक्षा अधिक एका दिवशी घेऊ नयेत. तिसऱ्या गाडीत शरीर आधीच थकलेले असते आणि तिचे गुण विनाकारण कापले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कागद पुन्हा काढावा. एखादे दुखणे रात्री उमटले असेल तर ते लिहून, फक्त तेवढ्याच टप्प्यासाठी त्या गाडीची पुन्हा अर्धा तास मागणी करावी.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंटच्या नावासोबत टायरचे माप आणि सीटचे कापड लिहून घ्यावे. सोबत भेट म्हणून सीट कव्हर देऊ केले तर गाडीच्या पुढच्या सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग आहेत का ते आधी विचारावे. साधे कव्हर त्यांच्या उघडण्याच्या आड येऊ शकते, आणि जाड कव्हरने कंबरेचा तो आकार, जो आपण टेप लावून निवडला, तोही बदलतो.